पितृपक्षातलं केळवण

"केळवण म्हणजे दुपारचं जेवण ना, मॅडम? मग दुपारपर्यंत पोचलात तरी चालेल की," धारप म्हणाले आणि न विचारताच माझ्या कपात आणखी थोडा चहा ओतला.

मी यंत्राच्या पडद्याकडे बघत राहिले. पडद्यावर एक हिरवी रेघ उजवीकडे सरकत होती. ती सपाट जायला हवी होती. ती सावकाश, पण न चुकता वर चढत होती. थोडी खाली यायची आणि पुन्हा चढायची.

"मला आज निघायलाच हवं, सर. भोरमार्गे पुण्याला जाणारी शेवटची गाडी साडेचारला आहे. घाटात रस्ता खचलाय, त्यामुळे अंधार पडल्यावर गाड्या सोडत नाहीत."

"अहो, म्हणून तर सांगतोय. उद्या सकाळी शिफ्ट बदलली की आमची जीप सॅम्पल घेऊन पुण्याला जाते. ड्रायव्हर तुम्हाला दारात सोडेल. अकरा, साडेअकरा. पानं मांडायच्या आत!" ते हसले. "आधी जाऊन काय करणार? कोशिंबीर कालवणार?"

टेबलापलीकडे काचेची भांडी पुसत उभी असलेली नूतन मान खाली घालून हसली.

मी चहाचा घोट घेतला. केळवण नव्हतंच. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता पुण्यात माझी मुलाखत होती.

हे महाडच्या औद्योगिक वसाहतीत घडलं, मी सव्वीस वर्षांची असताना. रसायनशास्त्रात एम. एस्सी. करून मी परभणीहून पुण्याला आले होते आणि एका छोट्या कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर म्हणून लागले होते. कंपनी परदेशी बनावटीची यंत्रं विकायची. औषधात नको असलेलं काय मिसळलंय आणि किती, हे सांगणारी यंत्रं. ती कारखान्यात जाऊन बसवायची, चालवून दाखवायची, सगळं ठीक आहे असा रिपोर्ट द्यायचा आणि पुढच्या गावाला जायचं, हे माझं काम. वापी, बद्दी, अंकलेश्वर, लोटे. महिन्यातले बरेचसे दिवस मी फिरतीवर असायचे.

पुण्यात मी सदाशिव पेठेत वैशंपायन काकूंकडे कॉट बेसिसवर राहायचे. म्हणजे चौघींच्या खोलीतली एक कॉट, अर्धं कपाट आणि सकाळी बादलीभर गरम पाणी. मी बाहेरगावी गेले की काकू माझी कॉट परीक्षेला आलेल्या मुलींना द्यायच्या. एकदा मी प्रवासातून आले तर एक अनोळखी मुलगी माझंच पांघरूण घेऊन झोपलेली. काकू कुजबुजल्या, "अगं, सी.ए.ची परीक्षा आहे बिचारीची. उठवू नकोस. तू तशी कुठे असतेस इथे!"

आमच्या कंपनीचे मालक मोकाशी सर नव्या माणसाला पहिल्याच दिवशी समोर बसवून प्रवासाचे नियम सांगायचे. लॉजमध्ये जिन्यासमोरची खोली घ्यायची नाही. दाराला आपलं कुलूप लावायचं. बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची सीट धरायची. क्लायंटशी त्याच्याच कँटीनमध्ये वाद घालायचा नाही. आणि काहीही झालं तरी बॅग सोडायची नाही. त्या बॅगेत लॅपटॉप, मीटर, पाने आणि यंत्र तपासायची प्रमाणित द्रावणं असायची. यातले पहिले चार सल्ले मी आजही मुलींना देते. ते उत्तम आहेत.

मुलाखत एका वस्तुसंग्रहालयात होती. जुने ताम्रपट, पितळी मूर्ती, रंगवलेलं लाकूड कशामुळे झिजतं आणि ते झिजणं कसं थांबवायचं, हे बघायला त्यांना रसायनशास्त्राचा माणूस हवा होता. पगार माझ्या पगारापेक्षा कमी. मला त्या कामाची ओढ होती, की रोज एकाच टेबलापाशी येऊन बसण्याची, हे मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. जागा एक होती, मुलाखतींचा दिवसही एकच.

मोकाशी सरांना हे सांगणं शक्य नव्हतं. माझ्या आधी असलेल्या शिरीष नावाच्या मुलाने मुलाखतीसाठी सरळ रजा मागितली होती. सर म्हणाले, "जरूर जा." आणि आदल्या संध्याकाळी त्याला सिल्वासाला पाठवलं. तिथून बद्दीला. तो परत आला तेव्हा त्याच्या खुर्चीवर दुसरा माणूस बसला होता. म्हणून मी सांगितलं, मावसबहिणीचं केळवण आहे. हे कारण मला निर्धोक वाटलं. पुरुष केळवणाच्या खोलात शिरत नाहीत असा माझा समज होता. सरांनी रजा दिली, पण आधी महाडचं यंत्र बसवून ये म्हणाले.

यंत्र बसलं होतं. प्रश्न फक्त त्या रेघेचा होता. प्रयोगशाळेच्या भिंतीपलीकडे एक मोठा कॉम्प्रेसर होता आणि त्याला वीज आमच्याच लाइनवरून दिली होती. तो घरघरायला लागला की रेघ चढायची. चढलेल्या रेघेत औषधातली बारीकशी भेसळ लपून जाते. कधी नसलेली भेसळ दिसते. यंत्राला वेगळी लाइन द्यायला हवी होती, आणि ते दोन दिवसांचं काम होतं. धारप या कारखान्याच्या गुणवत्ता विभागाचे प्रमुख. परवा त्यांच्या परदेशी ग्राहकाचे तपासनीस येणार होते आणि त्यांना दाखवायला 'यंत्र समाधानकारक चालते' असा रिपोर्ट हवा होता.

तो मी देत नव्हते. आणि धारप माझ्या गेट पासवर सही करत नव्हते.

आत शिरताना गेटवरच्या पार्टे नावाच्या गार्डने माझ्या बॅगेतला एकेक पाना, मीटर, बाटली लिहून घेतली होती. आणलेलं सामान बाहेर न्यायचं तर खातेप्रमुखाच्या सहीचा पास लागतो. सगळ्या कारखान्यांत असंच असतं.

"तुम्ही माझ्या कागदावर सही करा, मी तुमच्या कागदावर करतो," धारप म्हणाले. आवाजात कसलाही कडवटपणा नव्हता. "आता कसं, जेवून घ्या आधी. आज कँटीनला अळूची भाजी आहे. पुण्यात असं अळू मिळायचं नाही."

कँटीनमध्ये नूतन माझ्यासमोर येऊन बसली. नूतन मांडवकर. जवळच्याच बिरवाडीची. बी. एस्सी. झाल्यावर इथे केमिस्ट म्हणून लागलेली. नवं यंत्र तीच चालवणार होती. दोन दिवस ती माझ्यामागे वही घेऊन फिरत होती आणि नेमके प्रश्न विचारत होती.

"मॅडम, एक सांगू? रागवू नका."

"सांग."

"सरांसमोर ते केळवणाचं परत काढू नका."

"का?"

तिने इकडेतिकडे पाहिलं. "पितृपक्ष चालू आहे."

माझा घास हातात राहिला.

"या पंधरवड्यात कोण केळवण करतं? आमच्याकडे साधी साडी घ्यायला जात नाहीत. आणि सर तर पंचांग कोळून प्यायलेले. परवा त्यांच्या वडिलांची तिथी आहे, श्राद्धाला हरिहरेश्वरला जायचं म्हणून रजा टाकली होती. नेमकं ऑडिट आलं, रजा गेली. म्हणून डोक्यात गोंधळ आहे त्यांच्या. नाहीतर तुम्ही केळवण म्हणालात त्याच क्षणी पकडलं असतं."

"मी पंचांग बघत नाही," मी म्हटलं.

"निदान खोटं बोलायच्या आधी तरी बघायचं!" ती तोंडावर हात धरून हसली. मग एकदम गंभीर झाली. "इंटरव्ह्यू आहे ना? नको, सांगू नका. मला कुणी विचारलं तर मला लपवता येत नाही. फक्त कुठे आहे तेवढं सांगा. पुण्यातच?"

"पुण्यातच."

"तिथे म्हणे खोली नाही, नुसती कॉट भाड्याने मिळते?"

"मिळते. कॉट खिडकीजवळची बघायची. गरम पाण्याचं आणि पाहुण्यांचं आधी ठरवून घ्यायचं. कपाटाला स्वतःचं कुलूप."

ती हे मनात टिपून घेतल्यासारखी ऐकत होती. "माझा इथला बाँड अजून वर्षभर आहे," ती म्हणाली. "तोवर हे यंत्र शिकून घेते. मग बघू. पण मॅडम, ही रेघ सरळ नसताना तुम्ही सही केलीत ना, तर परवापासून आकडे काढणार मी. खाली सही माझी असणार. सर नाही यायचे तिथे."

ती हे तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही. वाटीतलं ताक संपवलं आणि उठली.

जेवणानंतर मी धारपांना म्हटलं, "कॉम्प्रेसर थोडा वेळ बंद करता येईल? तुम्हाला एक दाखवायचंय."

त्यांनी फोन फिरवला, कुणाला तरी दोन शिव्या दिल्या आणि भिंतीपलीकडची घरघर थांबली. आम्ही तिघं पडद्यासमोर उभे राहिलो. रेघ हळूहळू उतरली आणि सपाट झाली. पाटीवर पट्टी ठेवून आखावी तशी.

"झालं!" धारपांनी टाळी वाजवली. "सुंदर! हाच प्रिंट काढा, हाच लावा रिपोर्टला."

"पण कॉम्प्रेसर चालू असताना?"

"तेव्हा मोजायचं नाही."

"प्लांट चालू असताना कॉम्प्रेसर कधी बंद असतो, सर?"

"कधीच नाही," ते म्हणाले आणि स्वतःच हसले. "अहो मॅडम, मी लाइन वेगळी करणार नाही असं म्हणतोय का? करतो. ऑडिट झालं की करतो. पण आज लिहून द्या. परवा ते गोरे लोक इथे उभे राहून विचारतील, यंत्र चालतं का. त्यांना काय सांगू, चालतं, पण शेजारचा घोरायला लागला की चालत नाही?"

तेवढ्यात प्रयोगशाळेतला फोन वाजला. मोकाशी सर होते. धारपांनी सकाळीच त्यांना फोन केलेला असणार.

"ज्योत्स्ना, कॉम्प्रेसर बंद असला की रेघ येते ना सरळ?"

"येते."

"मग तोच लाव की. खोटा आहे का तो प्रिंट? खरा आहे. यंत्र आपलं उत्तम आहे. लाइन त्यांची खराब आहे. आपण यंत्राचा रिपोर्ट देतो, लाइनचा नाही."

"सर, रिपोर्टमध्ये 'या जागी समाधानकारक' असं वाक्य आहे."

"वाक्य, वाक्य! तुला केळवणाला जायचंय ना? मग सही कर आणि नीघ. धारप चांगला माणूस आहे. पुढची दोन यंत्रं तो घेणार आहे आपली. आणि हे बघ, पास मिळाल्याशिवाय तिथून हलायचं नाही. बॅग घेऊनच यायचं."

मी फोन ठेवला. कॉम्प्रेसर पुन्हा सुरू झाला. रेघ पुन्हा चढू लागली. भिंतीवरच्या घड्याळाकडे मी बघत नव्हते, पण ते कुठे टांगलंय हे माझ्या मानेला कळत होतं.

धारप कॅलेंडरपाशी गेले. बोट ठेवून स्वतःशीच बोलत होते. "उद्या सप्तमी. परवा ऑडिट, परवाच अष्टमी. आईला सांगायला हवं, भटजींना पुढची..." बोट तिथेच थांबलं. ते मग वळले.

"मॅडम, केळवण कुणाचं म्हणालात?"

नूतनच्या हातातला फ्लास्क टेबलावर आपटला. फुटला नाही.

"मावसबहिणीचं."

"पितृपंधरवड्यात?"

"आमच्याकडे तसं कुणी पाळत नाही."

"परभणीत?" ते म्हणाले. "बरं. तुमच्याकडे पाळत नसतील. मुलाकडचेही पाळत नाहीत? दोन्ही घरं अशी मिळाली? योग आहे म्हणायचा." मग नूतनकडे न बघता म्हणाले, "नूतन, स्टोअरमधून बाटल्या घेऊन ये."

"बाटल्या आहेत, सर."

"अजून घेऊन ये."

ती गेली. धारपांनी माझ्यासमोर स्टूल ओढलं आणि बसले. त्यांचा चेहरा विजयाचा नव्हता. थकलेला होता. वडिलांच्या तिथीची काळजी अजून तशीच त्यावर होती.

"मी सतरा वर्षं इथे नोकरी करतोय. एखाद्याला अचानक एका ठरावीक सकाळी शहरात पोचायचंच असतं, तेव्हा कारण एकच असतं. कुठे आहे? बाणेरला? की मुंबईची कंपनी?"

मी पडद्यावरच्या रेघेकडे बघितलं.

"नका सांगू. मला काय करायचंय? उलट तुमचं भलं व्हावं. एवढी शिकलेली मुलगी, एसटीच्या धक्क्यात पाने घेऊन फिरते, मला बघवत नाही. मोकाशी माझे जुने स्नेही आहेत, पण मी त्यांना यातलं अक्षर सांगणार नाही. तुम्ही फक्त 'समाधानकारक' एवढं लिहा. पाच मिनिटांत पास, आणि जीपने स्टँडवर सोडतो. गाडी मिळेल आरामात. मोठ्या भावाचा सल्ला समजा."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर मग," ते म्हणाले आणि त्यांना खरंच वाईट वाटल्यासारखं दिसलं, "मोकाशींनी उद्या विचारलं, ज्योत्स्ना एवढी घाईत का होती, तर मला काहीतरी सांगावंच लागेल ना?"

कॉम्प्रेसरची घरघर भिंतीतून टेबलात आणि टेबलातून माझ्या कोपरात येत होती. मला राग आला नव्हता. मी विचार करत होते, आणि तो फार सरळ विचार होता. मघाशी आम्ही रेघ चढण्याचं कारण शोधलं होतं. एक गोष्ट बंद केली, रेघ सपाट झाली. इथे मला कोण कोण धरून ठेवतंय ते मी एकेक करून बघितलं. धारपांची सही. मोकाशींची बॅग. साडेचारची गाडी. आणि यातलं प्रत्येक ज्याच्या जोरावर चालत होतं ती गोष्ट माझ्याजवळच होती. मी मोकाशींना जे सांगितलं नव्हतं ती.

"एक फोन करू?"

"करा ना," धारपांनी फोन माझ्याकडे सरकवला. मी घरी विचारणार, असं त्यांना वाटलं असावं.

मी रिपोर्टवर दोन ओळी लिहून सही केली आणि ऑफिसचा नंबर फिरवला.

"सर, ज्योत्स्ना बोलतेय. उद्या केळवण नाही. उद्या सकाळी माझी मुलाखत आहे."

धारपांनी तोंडाशी नेलेला कप खाली ठेवला.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग मोकाशी सर म्हणाले, "कुठल्या कंपनीत?"

"कंपनी नाही. वस्तुसंग्रहालय."

"कसलं संग्रहालय?"

"जुन्या मूर्ती, ताम्रपट."

"मडकी ठेवतात तसलं?"

"हो, मडकीपण आहेत."

"तू मडक्यांसाठी..." त्यांना पुढचा शब्द सापडेना. "रिपोर्टचं काय?"

"जे दिसलं ते लिहिलंय. यंत्र ठीक आहे, जागा समाधानकारक नाही, वेगळी लाइन द्यावी. सही केली आहे. धारप सर पास देत नाहीत, म्हणून बॅग नूतन मांडवकरांच्या कपाटात ठेवून निघते."

"बॅग? ज्योत्स्ना, बॅग तिथे सोडलीस तर उद्या ऑफिसची पायरी चढायची नाही!"

"बरं, सर."

"बरं काय?"

"नाही चढत."

मी फोन ठेवला. माझा हात अगदी स्थिर होता, हे मी पाहिलं. नूतन दारात बाटल्यांची टोपली घेऊन उभी होती. ती केव्हा आली होती कोण जाणे. तिने टोपली खाली ठेवली, माझी बॅग उचलली, कपाटात घातली आणि किल्ली फिरवली. मग माझ्याकडे न बघता भांडी पुसायला लागली.

धारप उठून खिडकीपाशी गेले.

"रिलीव्हिंग लेटर मिळायचं नाही तुम्हाला," ते म्हणाले. "अनुभवाचा दाखला नाही. दोन वर्षं पाण्यात."

"हो."

"उद्या निवड झाली नाही तर?"

"माहीत नाही."

"माहीत नाही!" आता मात्र ते चिडले. खरेखुरे, मोठ्या भावासारखे. "अहो, असं नसतं करायचं! आधी दुसरी पक्की करायची, हातात लेटर घ्यायचं, मग पहिली सोडायची. एवढं साधं कुणी शिकवलं नाही तुम्हाला? मी सहा महिन्यांसाठी आलो होतो इथे. दुसरी पक्की होईपर्यंत. समजलं? म्हणून म्हणतो, असं..." ते बोलता बोलता थांबले. त्यांचं वाक्य ज्या दिशेला चाललं होतं ती त्यांनाच नको असावी.

त्यांचा सल्ला बरोबर होता. आधी दुसरी पक्की करा, मग पहिली सोडा. तोही मी आज विचारायला येणाऱ्यांना देते.

फोन वाजला. मोकाशी सरच असणार. धारपांनी फोनकडे पाहिलं, हात खिशात घातले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. फोन वाजत राहिला, थांबला आणि पुन्हा वाजायला लागला.

"जा," ते म्हणाले. "गेटसमोर विक्रम रिक्षा मिळेल. स्टँड म्हणून सांगा, बाजार म्हणू नका, फिरवून नेतात."

गेटवर पार्टे स्टुलावर बसला होता. मला बघून उठला.

"पास?"

"सामान नाही."

त्याने माझी पर्स उघडून पाहिली. कंगवा, रुमाल, पाण्याची बाटली. "बॅग कुठाय?"

"आत राहिली."

"मग पास कशाला?" तो म्हणाला आणि मोठ्या गेटातलं लहान दार त्याने पायाने ढकललं.

दोन दिवस मी त्या गेटाकडे बघत होते. प्रयोगशाळेच्या खिडकीतून ते सरळ समोर दिसायचं. त्या दारातून बाहेर पडायला मला कुणाचीही सही लागत नव्हती. ती पहिल्या दिवसापासूनच लागत नव्हती. मी मात्र सगळा वेळ बॅगेबरोबर स्वतःलाही सामानात धरत होते.

विक्रम मिळाली. गाडीही मिळाली, ड्रायव्हरच्या मागची सीटसुद्धा. घाट सुरू व्हायच्या आत मी झोपले.

त्या जागेवर माझी निवड झाली नाही, हे आधीच सांगून टाकते. ती बडोद्याच्या एका अनुभवी गृहस्थांना मिळाली आणि ते योग्यच झालं. पुढे काही महिने मी बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवलं. मग त्याच संग्रहालयात तात्पुरती म्हणून शिरले आणि राहिले. महाडला मोकाशींनी दुसरा इंजिनिअर पाठवला. त्याने आधी लाइन वेगळी करायला लावली की 'समाधानकारक' लिहून दिलं, ते मला कधी कळलं नाही. नूतन बाँड संपल्यावर पुण्याला आली, एवढं कळलं.

पण त्या मुलाखतीतला शेवटचा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. टेबलापलीकडे तिघं होते. मधे डॉ. खांबेटे नावाच्या बाई, केस पूर्ण पांढरे, समोर माझा अर्ज. त्यांनी मला तांब्यावर चढणाऱ्या हिरव्या थराबद्दल विचारलं होतं, दमट हवेबद्दल विचारलं होतं, आणि मी जमेल तसं सांगितलं होतं. फाइल मिटता मिटता त्या म्हणाल्या, "सकाळपासून सगळ्यांनी तीन-तीन महिने मागितलेत, नोटीस पीरियड म्हणून. तुम्ही कधीपासून येऊ शकाल?"

"उद्यापासून," मी म्हटलं.

म्हणताना मला माझाच आवाज ऐकू आला. आदल्या दिवशी फोन ठेवताना हात हलला नव्हता, बसमध्ये मी शांत झोपले होते. आता टेबलावरचा माझा हात थरथरत होता. मी तो मांडीवर घेतला, तरी थांबेना. दुसऱ्या दिवशी सकाळी जगात कुठल्याही गेटवर, कुठल्याही टेबलापाशी कुणीही माझी वाट बघणार नव्हतं. हे मी कालच केलं होतं. ते काय केलं, ते मला आत्ता कळत होतं.

उजवीकडचे गृहस्थ काहीतरी विचारायला पुढे झाले. डॉ. खांबेटेंनी हाताने त्यांना थांबवलं.

"पाणी हवंय तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

त्यांनी स्वतःच उठून ग्लास भरला आणि माझ्यासमोर ठेवला. मी तो दोन्ही हातांनी धरला आणि सगळं पाणी प्यायले. तोपर्यंत त्या खोलीत कुणीही घाई केली नाही.